व्हॅलेन्सियाला १४ मार्चला येऊ नका, फेब्रुवारीतच या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टरांना स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियात नोकरी मिळाली आहे, १ एप्रिलला रुजू व्हायचंय, मुलगी सहा वर्षांची. १४ मार्चला उतरलो तर पंधरा दिवसांत घर, शाळा, कागदपत्रं उरकतील का? वर्षाला सुट्ट्या किती? सणांना काय काय बंद असतं? आणि शेवटी एक ओळ, ‘आपले सण तर सुटणारच, त्यांच्या सणांत आपलं काय?’ खरं सांगते, त्या एका ओळीमुळेच एवढं लांबलचक लिहायला बसले.

आधी तारीख. आम्ही नऊ वर्षांपूर्वी १६ मार्चला आलो. विमानतळावरून टॅक्सी केली, तर टॅक्सीवाल्याने एका चौकात गाडी थांबवली आणि नुसता पुढे हात केला. रस्त्याच्या मधोमध तीन-चार मजली उंच, रंगीबेरंगी पुतळ्यांची आरास, भोवती लोखंडी कठडे, आणि माणसंच माणसं. घर तिथून पाऊण किलोमीटर. चार बॅगा, कडेवर तीन वर्षांची लेक, आणि पावलापावलावर फटाके. ती दोन्ही कान दाबून रडत होती. किल्ली घेऊन येणारा माणूस दोन तास उशिरा पोचला, कारण त्यालाही गर्दीतून चालतच यावं लागलं. पुढचे तीन दिवस भाड्याच्या घरांसाठी जिथे जिथे फोन केला तिथे एकच उत्तर, ‘देस्पुएस दे फायास’, म्हणजे फायास झाल्यावर बघू. मी शिकलेलं पहिलं स्पॅनिश वाक्य ते.

फायास हा व्हॅलेन्सियाचा सर्वात मोठा सण. मुख्य दिवस १५ ते १९ मार्च, पण १ मार्चपासूनच रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता, म्हणजे कानठळ्या बसवणारी फटाक्यांची आतषबाजी, होते आणि गल्लोगल्ली मांडव उभे राहायला लागतात. शाळांना सुट्टी, निम्मे रस्ते बंद, राहायच्या जागांचे दर चढलेले. १४ तारखेला उतरलात तर १९पर्यंत एकही काम पुढे सरकणार नाही. १९ला सान होसेची सुट्टी, आणि कामं हलायला २० उजाडते. वर ईस्टर त्या वर्षी लवकर असेल तर मार्चअखेरचे दिवसही गेले.

ईस्टर हलता असतो हे नीट लक्षात घ्या. आपल्या सणांसारखा तोही चंद्रावर चालतो. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कुठेही येतो. इथल्या आजीबाईही पंचांग बघितल्यासारखं विचारतात, ‘यंदा ईस्टर उंच आहे की खाली?’ उंच म्हणजे उशिरा, खाली म्हणजे लवकर. तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची तारीख बघा.

आता सुट्ट्यांचा हिशेब. कायद्याने वर्षाला जास्तीत जास्त १४ पगारी सार्वजनिक सुट्ट्या मिळतात. त्यातल्या दोन गावाच्या स्वतःच्या, बाकीच्या देश आणि प्रांत मिळून ठरवतात. नाताळ, १ जानेवारी, १ मे आणि १२ ऑक्टोबर हे चार दिवस कुठल्याच प्रांताला बदलता येत नाहीत, बाकी काहींत अदलाबदल चालते. म्हणून ‘स्पेनच्या सुट्ट्यांची यादी’ म्हणून जे काही सापडेल त्यावर विसंबू नका. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी माद्रिद आणि सेव्हिया बंद असतात, आपल्याकडे सहसा त्याऐवजी ईस्टरनंतरचा सोमवार असतो. ९ ऑक्टोबर हा फक्त आपल्या प्रांताचा दिवस. १२३८ साली जाउमे राजाने शहर घेतलं त्याची आठवण. त्या दिवशी नवरे बायकोला रेशमी रुमालात बांधलेली बदामाच्या गोळ्याची इवलीइवली फळं देतात. फार गोड रीत आहे ही, मिस्टरांना आत्ताच सांगून ठेवा.

त्या दोन गावच्या सुट्ट्यांनी आमची पहिल्या वर्षी पंचाईत केली. सुट्टी नोकरीच्या गावाप्रमाणे मिळते, राहत्या गावाप्रमाणे नाही. माझा नवरा पातेर्नाच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. पातेर्ना शहराला लागून, मेट्रोने जेमतेम अर्धा तास, पण नगरपालिका वेगळी. २२ जानेवारीला व्हॅलेन्सियात सान विसेन्ते मार्तिरची सुट्टी, म्हणजे लेकीची शाळा बंद आणि नवऱ्याचं ऑफिस चालू. तुमच्या मिस्टरांची कंपनी नेमकी कुठल्या हद्दीत आहे ते करारावर बघून ठेवा.

या चौदांखेरीज हक्काची रजा ३० दिवसांची, पण ते कॅलेंडरचे दिवस, शनिवार-रविवार धरून. कामाचे म्हणाल तर साधारण २२. रजेच्या तारखा दोन महिने आधी माहीत असायला हव्यात असा कायदा आहे, त्यामुळे गणपतीची रजा हवी तर जूनमध्येच बोलायचं. सण मंगळवारी किंवा गुरुवारी आला की लोक मधला दिवस जोडून घेतात, त्याला ‘पुएन्ते’ म्हणतात, पूल. डिसेंबरात ६ तारखेला संविधान दिन आणि ८ला मेरीमातेचा दिवस. वार जमून आले तर आख्खा आठवडाच जातो. त्या आठवड्यात कुठल्याही कार्यालयाची वेळ घेऊ नका.

कार्यालयांचं म्हणाल तर एक शब्द पाठ करा, ‘दियास आबिलेस’, कामाचे दिवस. ‘दहा दिवसांत उत्तर येईल’ म्हणतात त्यात शनिवार, रविवार आणि सगळे सण वगळायचे. आमचा एक कागद असाच ईस्टरच्या तोंडावर अडकला, आणि मी रोज जाऊन दारात उभी राहत होते. खिडकीवरच्या बाईंनी शेवटी कॅलेंडर काढून बोटाने मोजून दाखवलं. याउलट तुमच्यावरची मुदत मात्र कुणासाठी थांबत नाही. देशात आल्यापासून एका महिन्यात परदेशी ओळखपत्रासाठी, म्हणजे तिए कार्डासाठी, अर्ज करायचा असतो. त्याआधी नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद, एम्पाद्रोनामिएन्तो. शाळेच्या प्रवेशालाही हीच नोंद लागते. म्हणून सांगते, फेब्रुवारीच्या मध्यावर या. दोन आठवडे शांतपणे कामं करता येतील, आणि फायास सुरू होईल तेव्हा घराची किल्ली हातात असेल.

पगाराचा एक मुद्दा सणाशीच जोडलेला आहे, म्हणून इथेच लिहिते. इथे वर्षाचा पगार बहुतेकदा १४ हप्त्यांत देतात. दोन जादा हप्ते, एक नाताळला आणि एक सहसा उन्हाळ्यात. काही कंपन्या तेच बारा महिन्यांत वाटून देतात. वार्षिक आकड्याला बाराने भागून घरभाड्याचा अंदाज बांधला असेल तर आधी विचारून घ्या.

शाळेचं मात्र नीट ठरवायला लागेल. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शाळा संपते ती सप्टेंबरातच उघडते. त्याशिवाय नाताळचे दोन आठवडे, ईस्टरचे दहा-बारा दिवस, फायासचे चार-पाच. इथल्या घरांत हा सगळा काळ आजी-आजोबा सांभाळतात. तुम्हा-आम्हाला ते नाहीत. ‘एस्कोला देस्तिउ’ म्हणजे उन्हाळी शाळा असतात, नगरपालिकेच्या आणि शाळांच्या स्वतःच्याही, पण नावनोंदणी वसंतातच सुरू होते, तेव्हा मे महिन्यापासून चौकशी करत राहा. ऑगस्टात तर शहराला कुलूप. बेकरी, गॅरेज, शिंपी, दातांचे डॉक्टर, सगळ्यांच्या शटरवर ‘सुट्टीनिमित्त बंद’ची चिठ्ठी. १५ ऑगस्टला मात्र इथे मेरीमातेच्या स्वर्गारोहणाची सार्वजनिक सुट्टी असते. झेंडावंदनाला वेगळी रजा काढावी लागत नाही. आम्ही दरवर्षी घरी सकाळी राष्ट्रगीत म्हणतो आणि मग समुद्रावर जातो.

सणाच्या दिवशी सुपरमार्केट बंद धरूनच चाला. २५ डिसेंबर, १ आणि ६ जानेवारीला तर नक्कीच. २४ला दुपारनंतरच दुकानं मिटायला लागतात, संध्याकाळी बस-मेट्रोही लवकर थांबतात. दूध-कांदे लागलेच तर कोपऱ्यावरची बांगलादेशी किंवा पाकिस्तानी भावांची दुकानं उघडी सापडतात. औषधांसाठी प्रत्येक फार्मसीच्या दारावर रात्रपाळीच्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो.

२४ डिसेंबरची रात्र मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. पहिल्या वर्षी नऊ वाजता खिडकीत उभी राहिले तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ही घरच्यांची रात्र, सगळे आतल्या खोल्यांत जेवत असतात. इतकं एकटं मला त्याआधी किंवा त्यानंतर कधी वाटलं नाही. दिवाळीच्या रात्री आपल्या दारातून कुणी परका चालत गेला तर त्याला काय वाटत असेल, ते त्या दिवशी कळलं. तेव्हा त्या रात्रीचा बेत आधीच करा. इथे असलेल्या चार मराठी घरांपैकी कुणाचं तरी दार उघडं असतं, आमचं तर असतंच.

पण नाताळ म्हणजे एवढंच नाही. तो सुरू होतो २२ डिसेंबरला, लॉटरीने. माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं आकडे गाऊन सांगतात, अक्षरशः गाऊन, आणि आख्खा देश सकाळभर रेडिओ-टीव्ही लावून ऐकतो. १८१२ला कादिसमध्ये पहिली सोडत निघाली तेव्हापासूनची ही परंपरा. तिकिटाचा दहावा हिस्सा, देसिमो, २० युरोंना. पहिलं बक्षीस लागलं तर त्या हिश्शाला ४ लाख युरो, त्यातून कर जातो. ऑफिसातले सगळे एकच नंबर वाटून घेतात. तुम्ही जुगाराच्या विरोधात असाल तरी ऑफिसच्या नंबरातला हिस्सा घ्या असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. इथे ती वर्गणीसारखी आहे, ‘आम्ही तुमच्यातले’ असं सांगणारी.

कंपनीकडून नाताळची टोपली येईल. तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय, म्हणून सांभाळून. आपल्या नानकटाईसारखे दिसणारे मान्तेकादोस आणि पोल्व्होरोनेस बहुतेकदा डुकराच्या चरबीत करतात. वेष्टनावर ‘मान्तेका दे सेर्दो’ आहे का ते वाचा. ऑलिव्ह तेलातलेही मिळतात. तुर्रोन नावाची बदामाची चिक्की छान असते, त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो, तुमचं चालत असेल तर जरूर खा.

३१च्या रात्री बाराच्या ठोक्यांवर बारा द्राक्षं. माद्रिदच्या पुएर्ता देल सोलच्या घड्याळाचे ठोके टीव्हीवर दाखवतात. आधी घड्याळ चार वेळा दुहेरी वाजतं, तेव्हा खायला सुरुवात करायची नाही. नवा माणूस इथेच चुकतो. मी तासगावची, द्राक्षबागेत वाढलेली, त्यामुळे या सणाशी माझं पहिल्याच वर्षी जमलं. ही द्राक्षं बरीचशी आपल्या शेजारच्या अलिकान्ते जिल्ह्यातल्या विनालोपो खोऱ्यातून येतात. तिथे उन्हाळ्यातच वेलीवरच्या घडांना कागदी पिशव्या बांधतात आणि डिसेंबरपर्यंत माल झाडावर राखतात. नोव्हेल्दाच्या वाटेवर त्या पिशव्या बांधलेल्या बागा बघितल्या आणि मी नवऱ्याला गाडी थांबवायला लावली. वडिलांना व्हिडिओ कॉल लावून आख्खी ओळ दाखवली. त्यांचा पहिला प्रश्न, ‘मजुरी किती पडते?’

तुमच्या लेकीसाठी सर्वात मोठा दिवस ६ जानेवारी, तीन राजांचा. इथल्या मुलांना मुख्य भेटी २५ डिसेंबरला नाही, ६ला मिळतात. ५च्या संध्याकाळी राजांची मिरवणूक निघते. आपल्याकडे ते बंदरात जहाजाने येतात, आणि रथांवरून गोळ्या-चॉकलेटांची उधळण होते. पिशवी घेऊन जा. रात्री मुलं खिडकीशी बूट ठेवून झोपतात. शाळा उघडल्यावर पहिला प्रश्न हाच, ‘राजांनी काय आणलं?’ आमच्या लेकीकडे पहिल्या वर्षी उत्तर नव्हतं, कारण आम्हाला माहीतच नव्हतं. तिचा तो दिवस मला अजून लागतो. बुटात काहीतरी ठेवाच. सकाळी रोस्कोन नावाचा गोल गोड पाव कापतात, आत एक छोटी मूर्ती आणि एक घेवड्याचा दाणा दडवलेला असतो. मूर्ती मिळाली तर मुकुट, दाणा मिळाला तर पुढचा रोस्कोन तुमच्या पैशाने.

ईस्टरच्या आठवड्यात सेव्हियाला एकदा तरी जा. ख्रिस्ताच्या आणि मेरीमातेच्या मूर्ती लाकडी चौथऱ्यांवर ठेवून रात्र-रात्र मिरवतात. खांदेकरी चौथऱ्याखाली पडद्याआड असतात आणि मानेवर भार पेलायला डोक्याला कापडाची गुंडाळी बांधतात, थेट आपली चुंबळ. पुढे चालणाऱ्यांच्या डोक्यावर उंच टोकदार टोप आणि चेहरे झाकलेले असतात. प्रायश्चित्त घेणाऱ्याने ओळख दाखवू नये म्हणून. लेकीला आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरेल. सान हुआनच्या रात्री, २३ जूनला, मालव्हारोसाच्या किनाऱ्यावर होळ्या पेटतात आणि मध्यरात्री लोक लाटांवरून उड्या मारतात. हे घराजवळच आहे, चुकवू नका. पाम्प्लोनाच्या रस्त्यांवर सोडलेल्या बैलांना आणि बुन्योलच्या टोमॅटोच्या लढाईला मात्र लहान मुलीला घेऊन जाण्यात अर्थ नाही.

आता तुमची ती शेवटची ओळ.

फायास म्हणजे काय हे मला कळायला दोन वर्षं लागली. शहरात साडेतीनशेहून जास्त मंडळं आहेत. ‘मंडळ’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतेय. प्रत्येक चार-दोन गल्ल्यांचं एक, त्याची एक जागा, तिला कासाल म्हणतात. महिन्याची वर्गणी, वर्षभर बैठका, लॉटरीची तिकिटं विकून निधी, कारागिराला आगाऊ दिलेलं काम, शेजारच्या मंडळाशी चुरस. आरास म्हणजे वर्षभरातल्या घडामोडींवर, पुढाऱ्यांवर टीका करणारा देखावा. सोबत त्याचा अर्थ सांगणारी चोपडी, व्हॅलेन्सियन भाषेतल्या पद्यात. मोठ्यांची एक आरास, मुलांची वेगळी. सांगलीकडच्या गल्लीत लहानपण काढलेल्या माणसाला यातलं काय नवीन आहे? मीच खुळी, दोन वर्षं खिडकीतून बघत राहिले आणि ‘यांचा सण’ म्हणत राहिले.

तिसऱ्या वर्षी आमच्याच इमारतीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी लेकीला हाताला धरून कासालात नेलं. नाव नोंदवलं, मुलांच्या गटात. निळा सदरा आणि चौकटीचा रुमाल एवढ्यावर ती पहिल्या वर्षी मिरवली. भरजरी रेशमी पोशाख फार महाग असतात, पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. रस्त्यावर लाकडांच्या जाळावर पाएल्या नावाचा भात शिजला, तो कोंबडी-सशाचा असतो, तर आमच्यासाठी बाजूला भाज्यांची वेगळी कढई लावली. भोपळ्याचे गरम बुन्युएलोस खाल्ले आणि मला आईचे घारगे आठवले.

ओफ्रेन्दा बघा. १७ आणि १८ मार्चला प्रत्येक मंडळाच्या बायका-मुली फुलांचा गुच्छ घेऊन निराधारांच्या माऊलीला, व्हिर्खेन दे लोस देसाम्पारादोसला, भेटायला चालत जातात. चौकात लाकडी सांगाड्यावर चढलेले तरुण ते गुच्छ झेलतात आणि त्यातून तिचा भलामोठा शेला विणला जातो. चौकात शिरल्या शिरल्या बायका रडतात. वारीत कळस दिसल्यावर रडणारी माणसं मी लहानपणी बघितली आहेत, त्यामुळे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आणि १९च्या रात्री हे सगळं जाळतात. आधी मुलांच्या आराशी, मग मोठ्या, शेवटी नगरपालिकेची. लोकांनी मतं देऊन वाचवलेला पुतळा तेवढा राहतो. बंब आजूबाजूच्या भिंतींवर पाणी मारत उभे असतात. वर्षाचं काम पंधरा मिनिटांत कोसळतं आणि मंडळाची मुलगी, जिला त्या वर्षीचा मान असतो, ती ओक्साबोक्शी रडते. थर्माकोलचा काळा धूर मला आवडत नाही, तो त्रास खराच आहे. काही कारागीर आता पुन्हा लाकडी पट्ट्यांकडे वळतायत, त्यांचं काम मुद्दाम जाऊन बघते. पण त्या जाळासमोर उभी राहिले की माझ्या ओठांवर ‘पुढच्या वर्षी लवकर या’ येतंच. २०च्या सकाळी रस्ते झाडून-धुऊन स्वच्छ, आणि कासालात पुढच्या वर्षाची बोलणी सुरू.

आपला गणपती घरीच. शाडूची छोटी मूर्ती करतो आणि बादलीत विसर्जन करतो. तुरिया नदीच्या पात्रात तर बाग आहे, १९५७च्या पुरानंतर नदीच शहराबाहेरून वळवली. आमच्या आरतीला आता कासालातली सहा-सात माणसं येतात, आजी टाळ वाजवतात. त्यांना आरतीचे शब्द कळत नाहीत, तरी ठेका चुकत नाही.

तुमच्या लेकीला फटाक्यांची भीती वाटते असं लिहिलंय. आमचीला वाटायची. कान झाकायचे हेडफोन घेऊन या, आणि मास्क्लेताला पहिल्या दिवशी चौकात नको, एक-दोन गल्ल्या मागे उभं राहा. तो आवाज ढोल-ताशासारखा छातीत वाजतो, दोन-तीन दिवसांत ओळखीचा होतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी सेर्रानोसच्या जुन्या बुरुजांवरून सणाची हाक दिली जाते, तिला क्रिदा म्हणतात. आम्ही सगळे तिथे असतो. तिकीट बदललंत की तारीख कळवा, त्या रविवारी तुम्हाला घ्यायला येते.